योजनेत न बसलेली खोली

माझ्या आवाजाला गावात मान आहे. चेहऱ्याला नाही, आवाजाला. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे बांधून मी गल्लीबोळांतून फिरतो आणि ज्याला जे सांगायचं असेल ते गावाला सांगतो. हरवलेली शेळी, साड्यांचा सेल, पोलिओचा डोस, उद्या नळाला पाणी येणार नाही, परवा कीर्तन आहे, अमक्यांची अंत्ययात्रा राहत्या घरून निघेल. तरुणपणी गणपतीतल्या नाटकांत मी खलनायक करायचो. पुढं नाटकं बंद पडली, मंडपात डीजे आला. खलनायकाचा आवाज तेवढा शिल्लक राहिला, तो मी भाड्यानं देतो.

त्या दिवशी बँकेच्या माणसानं माझ्या हातात मजकूर दिला. जप्त केलेल्या घराचा लिलाव होता आणि तो त्या घरासमोर उभं राहून पुकारायचा असा नियम होता. मी म्हटलं, घर कुठं आहे? तो म्हणाला, हे काय, समोरच. मी रिक्षा अंगणातून मागं घेतली आणि कामाच्या ठिकाणी पोचलो. इतक्या जवळ धंद्याला मी आयुष्यात गेलो नव्हतो.

ज्या मावशीचं ते घर, ती माझ्याच ओट्यावर बसली होती. माझ्याच बायकोनं दिलेला चहा पीत होती.

"जरा जोरात बोल की," ती म्हणाली. "बसस्टँडकडं ऐकू जात नसंल. अन् माझं नाव बराबर घे. आडनाव खाऊ नको."

मी आडनाव खाल्लं नाही. खणखणीत घेतलं. बँकेचा माणूस मान हलवून म्हणाला, छान, पण मधेमधे सनई वाजते ती बंद करा. सकाळी लग्नाची जाहिरात केली होती, तिचीच कॅसेट चालू राहिली होती. मावशी म्हणाली, वाजू द्या, कोनाचं तरी काही चांगलं होऊन राहिलं.

मावशीचा नवरा एसटीवर ड्रायव्हर होता. निवृत्तीनंतर त्यानं हे घर बांधलं आणि मागं एक जादा खोली काढली, पूर्वेला मोठी खिडकी ठेवून. ती शेवयांची खोली. मावशीच्या हातच्या शेवया सेनगावपासून कनेरगाव नाक्यापर्यंत लग्नाच्या रुखवतात जायच्या. खोलीत आडव्या काठ्या टांगलेल्या असायच्या आणि त्यांवरून शेवया सोडलेल्या, बायकांच्या ओल्या केसांसारख्या. सकाळचं ऊन खिडकीतून आत यायचं आणि त्यांना हात लावून जायचं. नवरा गेल्यावर मुलानं गोरेगाव-हिंगोली जीप टाकली आणि जीपसाठी घर तारण ठेवलं. घरोघर मोटरसायकली आल्या, जीपमध्ये बसायला माणूस उरला नाही. आधी जीप गेली. मुलगा पुण्याला एका सोसायटीच्या गेटवर उभा राहायला गेला. मग घर गेलं.

आता आमच्या गल्लीचा एक कायदा सांगतो. तो कुणी लिहिलेला नाही आणि कुणी कुणाला शिकवलेलाही नाही. शेजाऱ्याच्या घरावर शेजाऱ्यानं बोली लावायची नाही. माणूस कितीही पैसेवाला असो, त्याला कितीही जागेची नड असो. ज्याच्या अंगणातून वाटी वाटी साखर आणली त्याची भिंत विकत घ्यायची, हे आमच्याकडं तोंड दाखवण्यासारखं समजत नाहीत. त्यामुळं गल्लीतून कुणी बोली लावली नाही. राहता राहिले बाहेरचे, आणि त्यांच्यासाठी गल्लीत मी होतो.

हिंगोलीचा एक व्यापारी घर बघायला आला. अंगात पांढरा सदरा, हातात दोन मोबाईल. शेजारच्या टेलरला त्यानं विचारलं, इथं पाण्याचं कसं आहे?

टेलर कापडावरची नजर न काढता म्हणाला, "पाण्याची काहीच तकलीफ न्हाई. पावसाळ्यात तर घरातच येतंय."

व्यापारी माझ्याकडं वळला. मी नाटकातला तिसऱ्या अंकातला आवाज काढला, खालचा, जरा घोगरा.

"घर एक नंबर आहे शेठ. फक्त मागच्या खोलीत झोपू नका."

"काहून?"

"काही न्हाई. होईल तुमाला सवय."

त्याच्या दोन्ही मोबाईलवर एकाच वेळी फोन आला आणि तो गेला तो गेलाच. माझ्या घरात दाराआड उभी राहून मावशी पदर तोंडात कोंबून हसत होती. मग बाहेर येऊन तिनं मला झापलं. "माझ्या खोलीत भूत घालतोस व्हय रे? माझा माणूस वर बसून ऐकून राहिला असंल."

"मावशी, भूत म्हणून त्यालाच घातलंय. घर राखंल."

असे लिलाव पुन्हा पुन्हा लागले आणि प्रत्येक वेळी रिकामे गेले. प्रत्येक वेळी पुकारा मीच करायचो आणि माणसंही मीच पळवायचो. दोन्हीकडून नाटकात होतो, असा मजेचा काळ पुन्हा आला नाही. मावशी बसस्टँडमागं एका पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहायला गेली होती. पण दर लिलावाला माझ्या ओट्यावर यायची, सगळं संपलं की पदर झटकून म्हणायची, चला, अजून माझंच हाय. तिची भाड्याची खोली इतकी अंधारी होती की तिथं शेवया वाळायच्या नाहीत, आंबायच्या. तिनं शेवया करणं सोडलं आणि हॉटेलात पोळ्या लाटायला जायला लागली. पण घर अजून कुणाचं झालेलं नाही, यावर ती आणि आम्ही सगळे जगत होतो.

गल्लीला वाटायचं, आपण घर राखून ठेवलंय. आपण ते रिकामं ठेवलं होतं. रिकाम्या घराचं काय होतं ते आम्हाला कळेपर्यंत पुढच्या खोल्यांचे पत्रे निघून गेले होते, भिंतीत पिंपळ उगवला होता आणि दाराची चौकट वाळवीनं धरली होती.

मग योजना आली. ती पण मीच पुकारली. बँकांनी जप्त केलेली, कुणी न घेतलेली, पडीक घरं सरकार आपल्या ताब्यात घेणार, शासकीय निधीतून दुरुस्त करणार आणि बेघर कुटुंबांना परवडेल अशा दरात देणार. मी माझ्या आयुष्यात इतक्या आनंदानं काही पुकारलं नसेल. आमच्या गल्लीत तर मी तीन फेऱ्या मारल्या, एकीचेच पैसे मिळणार होते तरी. टेलरनं मशीन थांबवली. घर दुरुस्त होणार, तेही सरकारच्या पैशानं, आणि बेघराला मिळणार. गावात मावशीपेक्षा जास्त बेघर कोण होतं? तिचं तर घरच समोर होतं आणि तरी ती बेघर होती.

मी तिला रिक्षात बसवून कचेरीत नेलं. भोंगे काढायला वेळ नव्हता, तशीच मिरवत नेली. साहेब तरुण होता आणि चांगला होता, हे आधी सांगतो. त्यानं मावशीला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, घर ज्यांच्याकडून जप्त झालं त्यांना ते देता येत नाही."

"काहून?"

"म्हणजे बघा, तसं दिलं तर उद्या सगळेच हप्ते बुडवतील आणि सरकारकडून घर दुरुस्त करून परत घेतील."

मावशीनं यावर बराच विचार केला. तिला ते पटलं, हीच खरी पंचाईत. ती म्हणाली, "व्हय, लोक तसे हायतच." मग म्हणाली, "पन मी न्हाई ना बुडवले सायेब. जीपनं बुडवले."

"बरोबर आहे तुमचं," साहेब म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरंच दुःख होतं. तेवढ्यानं नियम बदलत असता तर देश बदलला असता.

दुरुस्ती सुरू झाली. गवंडी आले, वाळू आली, आमच्या गल्लीची झोप गेली. एक दिवस इंजिनियर टेप घेऊन आला, त्यानं आडवं मापलं, उभं मापलं आणि कपाळाला हात लावला. मी ओट्यावरून विचारलं, काय झालं?

"घर मोठं आहे."

"मग बरंच आहे की."

"योजनेत बसत नाही. इतक्या क्षेत्रफळाच्या वर चालत नाही."

"मग सोडून द्या घर."

"निधी आलाय," तो म्हणाला. जणू घरात पाहुणे आलेत आणि आता भात न टाकून कसं चालेल.

त्यावर तोडगा निघाला. स्वयंपाकघराच्या मागं आडवी भिंत घातली. शेवयांची खोली भिंतीच्या पलीकडं गेली. तिचं आतलं दार विटांनी बुजवलं आणि पूर्वेची खिडकीही बुजवली, कारण उघडी खिडकी दिसली तर आत खोली आहे असं दिसलं असतं. झालं. घर लहान झालं, परवडणारं झालं. एक धड, चार भिंतींची, स्लॅबची खोली सरकारी पैशानं जिवंत चिणली गेली. मी भूत घातलं होतं ती हीच. आता त्याला बाहेर पडायला जागा ठेवली नाही.

सोडत झाली आणि घर एका धनगर कुटुंबाला लागलं. नवरा-बायको, म्हातारी सासू आणि पाच-सहा शेळ्या. कनेरगाव नाक्याजवळ धाब्यामागं ताडपत्रीखाली राहायचे. नवरा हमाली करायचा. त्यांच्यावर राग धरावा तर धरायला कुठं जागाच नव्हती.

घर देण्याच्या कार्यक्रमाला सूत्रसंचालन अर्थात माझं. मांडव, हार, फीत, आणि माणसाच्या उंचीची थर्माकोलची सोनेरी किल्ली. पाहुण्यांनी ती त्या बाईच्या हातात दिली. फोटो निघाले. खरी किल्ली कंत्राटदाराच्या खिशात राहिली होती आणि कंत्राटदार वाशिमला होता. तो येईपर्यंत ते कुटुंब आपल्या नव्या घरासमोर माझ्या ओट्यावर बसलं, आणि त्यांच्या एका शेळीनं सोनेरी किल्लीचा दाता खाऊन टाकला. मी माईकवरून म्हणालो, लाभार्थ्यांनी घराचा लाभ घ्यायला सुरुवात केलेली आहे. लोक हसले. पाहुणेही हसले, ते कशाला हसतायत ते न कळता.

किल्ली आली, कुलूप उघडलं, पण त्या बाईनं चूल मांडली नाही. माझ्या बायकोनं विचारलं तर म्हणाली, "आमच्यात आधीच्या बाईच्या हातचं मीठ घेतात. तिनं मीठ दिलं की घर दिलं. न्हाईतर दुसऱ्याच्या घरात चोरून रांधल्यासारखं होतंय. सासू आयकत न्हाई."

"अगं, सरकारनं दिलंय की."

"सरकारनं मीठ न्हाई दिलं."

दोन वेळा ते कुटुंब अंगणात तीन दगडांवर भाकरी करून जेवलं, दार उघडं, पंखा चालू, आत कुणी नाही. शेवटी मी तिला घेऊन मावशीकडं गेलो. मावशीच्या तोंडाला धार आहे आणि तिच्याकडं जे मागायला चाललो होतो ते मागण्यासारखं नव्हतं.

मावशी दारात बसून चप्पल शिवत होती. त्या बाईनं वाकून पाया धरले आणि सांगितलं. मावशीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बँकेनं मला मीठ मागितलं न्हाई," ती म्हणाली. "कचेरीनं मागितलं न्हाई. ह्यानं तर भोंग्यावर ओरडून इकलं माझं घर. अन् तू मीठ मागायला आलीस."

"व्हय माय."

"शेळ्या किती हाईत?"

ती बाई गोंधळली. तिनं सांगितलं.

"घरात बांधू नको. कोबा खराब होतोय," मावशी म्हणाली, उठली, आणि डब्यातून मूठभर खडे मीठ कागदात बांधून घेतलं.

घरात शिरल्यावर मावशी कुठं थांबली नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली आणि नव्या भिंतीसमोर उभी राहिली. पिवळा रंग अजून ओला वाटत होता. तिनं भिंतीला तळहात लावला. मीठ तिच्या दुसऱ्या हातात होतं.

"माझी खोली?"

"भिंतीच्या पल्याड हाय माय," ती बाई म्हणाली. "रात्री उंदीर पळतेत, आवाज येतो."

"काठ्या काढल्या होत्या का?"

हे कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या मते काढल्या नसाव्यात. सगळ्या काठ्या अंधारात तशाच टांगलेल्या असणार.

मग ती शेळ्यांची बाई बोलली. "माय, ती खोली योजनेत न्हाई. आमची बी न्हाई. तुमी तिथं राहा की. मागच्या बोळातून दार काढा, आमच्याकडून येऊ नका, जाऊ नका. आमी कोनाला सांगत न्हाई. अन् म्हातारीला बी सोबत होईल."

गल्लीत वीज खेळली. टेलर स्वतः पहार घेऊन आला. गवंडी काय, आमच्याच गल्लीतला, तो म्हणाला दोन तासांचं काम आहे, खिडकीच्याच जागी दार बसतंय. माझ्या डोक्यात तर उद्‌घाटनाचा कार्यक्रमही ठरला, फीत, हार, खरी किल्ली. मावशीच्या चेहऱ्यावर मी इतक्या वर्षांत न पाहिलेलं काहीतरी आलं. ती मनात खोली मांडायला लागली होती. खाट कुठं, चूल कुठं, शेवयांची मशीन दारातल्या उन्हात.

आणि मग ती म्हणाली, "इचारून येऊ."

"कोणाला?" टेलर ओरडला.

"कचेरीत. माझ्या घरात मी भोक पाडून न्हाई शिरणार. उद्या कोनी तपासायला आलं अन् हिचंच घर काढून घेतलं तर? हिनं मीठ मागितलंय माझ्याकडं."

आम्ही तिला खूप समजावलं. मी माझे सगळे आवाज काढले, खलनायकाचा, नायकाचा, मेलेल्या बापाचा. टेलर म्हणाला, मावशी, तिथं इचारायचं म्हंजे न्हाई म्हनून घ्यायचं. ती ऐकेना. मीठ तिनं त्या बाईच्या ओंजळीत दिलं आणि रिक्षात जाऊन बसली.

तोच तरुण साहेब. तीच खुर्ची, तेच पाणी. या वेळी त्यानं चहासुद्धा मागवला.

"ती खोली कोनाची हाय सायेब?" मावशीनं विचारलं.

साहेबानं फाईल उघडली. बँकेनं घर दिलं होतं पूर्ण. योजनेत घेतलं होतं भिंतीपर्यंत. उरलं ते कुणाचं, हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. तो आत जाऊन मोठ्या साहेबाला विचारून आला. येताना चेहरा पडला होता.

"सध्या ती खोली कुणाचीच नाही, मावशी."

"मग जिची होती तिला राहू द्या. भाडं घ्या. लेखी द्या, म्हंजे त्या बाईच्या घराला कोनी धक्का लावनार न्हाई."

"मी वर कळवतो," तो म्हणाला. "तुम्ही विचारलंत ते बरं केलं."

ते वाक्य मला अजून ऐकू येतं. तो खरोखर मनापासून बोलला होता.

वर कळवल्यावर वरून उत्तर आलं. घर योजनेत बसवताना उरलेलं जादा बांधकाम धोकादायक आहे, त्यात लोक शिरू शकतात, सबब ते पाडावं. त्यासाठीही निधी होता. दुरुस्तीच्या निधीतलाच उरलेला.

जेसीबी येण्याच्या आदल्या दिवशी मला मजकूर मिळाला. नागरिकांनी बोळातील वाहने हटवावीत, लहान मुले व जनावरे दूर ठेवावीत. मी तो वाचला. कसलाच आवाज काढला नाही, साधा वाचला. मागच्या बोळातली एक म्हातारी दारात येऊन म्हणाली, "तुझा घसा बसला का रे?"

जेसीबीनं पहिला घाव घातला तेव्हा भिंत आत पडली आणि ऊन त्या खोलीत गेलं. क्षणभर दिसलं. काठ्या टांगलेल्याच होत्या. एका काठीवर शेवयांचे चार तुटके धागे होते, काळे पडलेले. मग स्लॅब खाली आला.

मावशी आली नव्हती. नंतर आली, राडारोडा उचलून नेल्यावर. मोकळ्या चौकोनात उभी राहिली. ती बाई तिच्या बाजूला, पदराखाली शेळीचं करडू धरून.

"बघ आता कसं ऊन येऊन राहिलं," मावशी म्हणाली. "माझ्या मान्साला एवढी मोठी खिडकी काढून बी जमलं न्हाई ते."

मला वाटलं ती टोमणा मारतेय. पण आठवड्याच्या बाजारानंतर ती मशीन डोक्यावर घेऊन आली. हॉटेलातल्या पोळ्या सोडल्या होत्या. त्या बाईनं आपली खाट तिथं आणून टाकली. मावशी खाटेला मशीन आवळून दिवसभर शेवया काढते, ती बाई शेळ्या हाकलत बसते, आणि दिवस कलला की मावशी शेवया डब्यात भरून बसस्टँडमागच्या खोलीत झोपायला जाते. तिच्या खोलीच्या जागेवर ती दिवसभर असते. फक्त खोली नसते.

कचेरीनं तिथं पाटी लावली आहे: ही जागा शासकीय असून अतिक्रमण करणाऱ्यांवर कारवाई करण्यात येईल. दोन लोखंडी खांबांवर, चांगली मजबूत. तिची पण जाहीर सूचना मी केली. त्या वेळी मावशी खाटेवरून माझ्याकडं बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनं एका खांबाला दोरी बांधली, दुसरं टोक त्या बाईच्या खिडकीच्या गजाला, आणि पाटीवरून शेवया सोडल्या. आता पाटी वाचायची असेल तर शेवया बाजूला कराव्या लागतात.

परवा तो तरुण साहेब पाटी बघायला आला. बराच वेळ उभा राहिला. मावशी म्हणाली, "काय सायेब, काढू का?"

तो म्हणाला, "वाळल्या की काढा."

"मग नव्या घालीन," मावशी म्हणाली.